रेषा ओलांडणारा सॅम

गुरुदीक्षा होऊन मला जेमतेम एक वर्ष झाले होते. १९९८ सालच्या त्या दिवसांत एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून काम करीत असताना रविवारच्या धर्मशिक्षण वर्गातील मुलांनी मला एक टोपणनाव ठेवले. ते माझ्या कानी येऊ नये याची त्यांनी पुरेशी काळजी घेतली होती. परंतु मुलांच्या गुपिताचे आयुष्य ते किती! एके सायंकाळी नाताळच्या नाटिकेची तालीम चालू असता मेंढपाळांच्या रांगेत गोंधळ माजला. मी संतापलो, ओरडलो, टेबलावर हात आपटला. आणि पाठ वळते न वळते तोच मागून दबक्या आवाजात शब्द आले, ‘सॅम चिडला रे!’ लगेच हशा पिकला. हा सॅम कोण, असे मी एका वेदीसेवक मुलाला नंतर बाजूला घेऊन विचारले. तो बिचारा चाचरत म्हणाला, ‘फादर, तो कार्टूनमधला. बुटका आहे, मोठ्या लाल मिशा आहेत, दोन पिस्तुले आहेत आणि सारखा ओरडतो.’ मला मिशा नाहीत. पिस्तूल तर नाहीच. उरलेली दोन लक्षणे मात्र नाकारता येण्याजोगी नव्हती.

झालेल्या अपमानाचा सूड मी व्यासपीठावरून उगवला. १९९५ साली कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाल्यापासून आपल्या घराघरांत दिवसभर कार्टून चालू असे. पिस्तुलांनी भरलेली ही चित्रे मुलांच्या कोवळ्या मनावर हिंसेचे संस्कार करतात, ती पालकांनी बंद करावीत, असे मी पुढल्याच रविवारी प्रवचनात ठणकावून सांगितले. पालकांनी माना डोलावल्या. ज्या चित्रांचा मी एवढा निषेध केला त्यांतले एकही मी पाहिलेले नव्हते. न पाहिलेल्या कलाकृतीवर टीका करणे हा समीक्षेतला अपराध आहेच. धर्मगुरूच्या बाबतीत तो आठव्या आज्ञेच्याही जवळपास जातो. पुढे अनेक वर्षांत मी ही चित्रे एकेक करून पाहिली. त्या पिस्तूलबाजाविषयी आज जे वाटते ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

योसेमिटी सॅम हे या पात्राचे पूर्ण नाव. कॅलिफोर्नियातील एका भव्य दरीचे नाव एका वीतभर माणसाला द्यावे, यातच त्याच्या निर्मात्यांचा मिस्कीलपणा दिसतो. वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेचे दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग यांनी १९४५ साली ‘हेअर ट्रिगर’ या सात-आठ मिनिटांच्या व्यंगचित्रपटात त्याला प्रथम पडद्यावर आणले. कथा मायकल माल्टीज यांची. बग्ज बनी हा चतुर ससा तोपर्यंत लोकप्रिय झाला होता. परंतु त्याच्यामागे लागणारा एल्मर फड हा शिकारी इतका भोळा की त्याला फसविण्यात सशाची काही बहादुरी उरत नसे. सशाला तोलामोलाचा शत्रू हवा म्हणून फ्रेलेंग यांनी हा दरोडेखोर निर्माण केला. तो पडद्यावर येतो तोच आगगाडी लुटण्यासाठी. आपण किती क्रूर, किती भयंकर, आपल्या नावाने सारा पश्चिम प्रदेश कसा थरथरतो, हे तो स्वतःच गर्जून सांगतो. डोक्यावर भली थोरली टोपी, तोंड झाकून टाकणाऱ्या लाल मिशा, दोन्ही हातांत पिस्तुले, आणि या सर्वांच्या खाली कसाबसा उरलेला माणूस. त्याला आवाज देणारे मेल ब्लँक यांनी शेकडो पात्रांना आवाज दिले. पण सर्वांत जास्त घसा फाडला तो सॅमच्या आवाजाने, असे ते सांगत. फ्रेलेंग स्वतः उंचीने बेताचे, तांबूस मिशांचे आणि तापट. त्यामुळे सॅम हे त्यांचेच चित्र, असे त्यांचे सहकारी गमतीने म्हणत. कोणताही कलावंत दुर्जनाचे चित्र काढताना शाई स्वतःच्याच दौतीतून घेतो, हे यावरून ध्यानात यावे.

सॅमचा विनोद समजण्यासाठी त्याच्यापाठीमागे उभी असलेली परंपरा पाहावी लागते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील घोडेस्वार, दरोडे आणि पिस्तुलांची द्वंद्वे हा तिकडच्या चित्रपटाचा अगदी आरंभापासूनचा विषय आहे. १९०३ सालच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या मूकपटातील एका दृश्यात दरोडेखोर थेट प्रेक्षकांकडे पिस्तूल रोखून बार काढतो. त्यानंतरच्या चार दशकांत अशा चित्रपटांचे अमाप पीक आले. कायदा झुगारणारा, कमरेला पिस्तूल लटकविणारा, कोणापुढेही न वाकणारा पुरुष हा त्यांतून एक प्रकारचा आदर्शच होऊन बसला. तो खलनायक असला तरी त्याची चाल, त्याची नजर, त्याची टोपी यांची भुरळ तरुणांना पडतच असे. सॅम त्याच दरोडेखोराच्या वेशात, त्याच ऐटीत येतो. तीच गर्जना, तीच पिस्तुले. फक्त या वेळी आपण त्याला भीत नाही, हसतो. जी ऐट भुरळ घालीत होती तीच हास्यास्पद ठरते. मी व्यासपीठावरून ज्याला हिंसेचा प्रचारक म्हटले तो प्रत्यक्षात हिंसेच्या डौलाची टर उडवीत होता.

गर्जना करणाऱ्या दुष्टाला हसणे ही गोष्ट ख्रिस्ती परंपरेला मुळीच परकी नाही. सॅमचा एक फार जुना पूर्वज आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, तो म्हणजे हेरोद राजा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कारागिरांचे संघ बायबलमधील प्रसंगांवर नाटके करीत. चाकांच्या गाड्यांवर रंगमंच उभारलेला असे आणि रस्त्यांत लोकांची दाटी होई. कोव्हेंट्री गावच्या नाताळच्या नाटकाच्या संहितेत एक रंगसूचना आहे, की या ठिकाणी हेरोदाने गाडीवर तर थयथयाट करावाच, खाली रस्त्यावर उतरूनही करावा. बालकांची हत्या करणारा राजा रस्त्यावर येऊन आरडाओरडा करीत असे, आणि लोक भीत भीत हसत असत. ही भूमिका इतकी प्रसिद्ध झाली होती की शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील राजपुत्र नटांना उपदेश करताना हेरोदावरही ताण करू नका असे बजावतो. आपल्या धर्मग्रामांतील नाताळच्या नाटिकांतही हेरोदाचे काम मिळावे म्हणून मुलांत चुरस असते. योसेफाला संवाद थोडे, हेरोदाला ओरडावयास मिळते! पाळण्यातल्या बाळाला भिऊन आकांडतांडव करणारा राजा हा मुळातच विसंगत आहे, आणि ती विसंगती मुलांना आपल्याआधी कळते.

हसणे आणि धार्मिकता यांचे वैर आहे असे समजणारी मंडळी आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की संत थॉमस अक्वायनस यांनी योग्य वेळी, योग्य मर्यादेत विनोद करण्याच्या वृत्तीला सद्गुणांत जागा दिलेली आहे, आणि जो स्वतः कधी हसत नाही व दुसऱ्याचे हसणेही ज्याला सोसत नाही त्याला दोष दिलेला आहे. सेमिनरीत आम्ही हे वाचले होते. आचरणात आणावयास मात्र एका वेदीसेवकाची मदत घ्यावी लागली.

आता सॅमच्या चित्रपटांकडे जरा बारकाईने पाहू. १९४८ सालच्या ‘बग्ज बनी राइड्स अगेन’ या चित्रपटात सॅम एका गावच्या मद्यगृहात शिरतो आणि सारा गाव पळ काढतो. सामोरा उभा राहतो तो एकटा ससा. हे गाव आपल्या दोघांना पुरणार नाही, असे सॅम दरडावतो. ससा पळत जातो, क्षणार्धात पाठीमागे उंचच उंच इमारतींचे महानगर उभे करतो आणि विनयाने विचारतो, आता पुरेल का? सॅम म्हणतो, नाही! या एका विनोदात क्रोधाचे स्वरूप किती नेमके पकडले आहे पाहा. जागा कमी आहे ही तक्रार खरी नव्हतीच. दुसरा कोणी असणे हीच तक्रार होती. जमिनीच्या बांधावरून, घराच्या वाटणीवरून दुरावलेली भावंडे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. गुंठे वाढवून दिले म्हणजे असे भांडण मिटत नाही.

त्याच चित्रपटातील पुढचा प्रसंग तर सॅमच्या सर्व चित्रपटांचे सार आहे. ससा जमिनीवर पायाने एक रेषा ओढतो आणि ही ओलांडून दाखव असे आव्हान देतो. सॅम ती ओलांडतो. ससा मागे सरकतो, दुसरी रेषा ओढतो. सॅम तीही ओलांडतो. मग तिसरी, मग चौथी. रेषा ओलांडीत ओलांडीत सॅम सरळ कड्यावरून खाली जातो. त्याला कोणी ढकललेले नाही. त्याच्यावर कोणी गोळी झाडलेली नाही. कोणत्याही रेषेपाशी ‘नाही ओलांडत’ एवढे म्हणून त्याला थांबता आले असते. परंतु आव्हान मिळाले की पाऊल टाकलेच पाहिजे, हा त्याचा कायदा. स्वतःला कोणाचाही कायदा न मानणारा बंडखोर म्हणविणारा हा माणूस असा पूर्णपणे दुसऱ्याच्या ताब्यात आहे. त्याची दोरी नेहमी सशाच्या हातात असते आणि ती दोरी म्हणजे त्याचा स्वतःचाच संताप होय.

ॲरिस्टॉटलने क्रोधाला घाईच्या नोकराची उपमा दिली आहे. धन्याचे बोलणे पुरते ऐकण्यापूर्वीच तो धावत सुटतो आणि भलतेच करून बसतो. संत थॉमस यांनी ही उपमा आपल्या ग्रंथात घेतली आणि तिच्या जोडीला एक फार महत्त्वाचे निरीक्षण ठेवले. क्रोधाला न्याय हवा असतो, असे ते सांगतात. वासना किंवा लोभ न्यायाची पर्वा करीत नाहीत. क्रोधी माणसाला मात्र आपण न्यायाच्या बाजूने आहोत असे मनापासून वाटत असते. म्हणूनच क्रोध हा प्रत्येक वेळी पाप नसतो, आणि म्हणूनच तो इतका फसवा असतो.

१९४९ सालचा ‘हाय डायव्हिंग हेअर’ हा चित्रपट या निरीक्षणाचे उदाहरण म्हणून वर्गात दाखवावा इतका चपखल आहे. एका नाट्यगृहात उंच फळीवरून पाण्यात सूर मारणाऱ्या एका धाडसी कलाकाराचा खेळ आहे. सॅम त्या कलाकाराचा निस्सीम चाहता. तो तिकिटे काढून, पुढे येऊन, डोळ्यांत आनंद घेऊन बसलेला आहे. या चित्रपटात तो लुटावयास आलेला नाही हे लक्षात घ्यावे. ऐनवेळी तो कलाकार येऊ शकत नाही असे कळते. सॅमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे: पैसे दिले, खेळ कोठे आहे? येथपर्यंत कोणीही न्यायाधीश त्याच्या बाजूने निकाल देईल. पण पुढच्याच क्षणी पिस्तूल बाहेर येते आणि सूत्रसंचालन करणाऱ्या सशानेच सूर मारला पाहिजे असा हुकूम सुटतो. मग सशाला शिडीवरून वर नेणे आणि स्वतःच खाली पडणे हा क्रम सुरू होतो. पुन्हा वर, पुन्हा खाली. काही फेऱ्यांनंतर तर वर काय घडले हेही आपल्याला दाखवीत नाहीत. सॅम शिडी चढताना दिसतो आणि थोड्या वेळाने पडताना दिसतो, एवढेच. शेवटी तो सशाला फळीच्या टोकाला बांधून फळी करवतीने कापतो, तेव्हा फळी हवेत तशीच राहते आणि शिडीसह सॅम कोसळतो. निसर्गाचा नियमदेखील त्याच्या बाजूने उभा राहत नाही. खऱ्या तक्रारीपासून निघालेला माणूस कोठे येऊन पोहोचतो! तिकिटाचे पैसे परत मागून तो घरी गेला असता तर चित्रपट दोन मिनिटांत संपला असता. आपल्या पुष्कळशा भांडणांचेही असेच आहे.

सॅमच्या तुलनेला दुसऱ्या एका लोकप्रिय खलनायकाला उभे केले तर त्याचे वेगळेपण अधिक स्पष्ट होईल. १९६८ साली हॅना-बार्बेरा या संस्थेने ‘वॅकी रेसेस’ ही मोटारींच्या विचित्र शर्यतींची मालिका काढली. अकरा गाड्या, आणि ‘शून्य शून्य’ क्रमांकाच्या गाडीत डिक डास्टर्डली हा कपटी गृहस्थ आपल्या खिदळणाऱ्या मटली कुत्र्यासह बसलेला. त्याची गाडी इतकी वेगवान की तो प्रत्येक वेळी सर्वांच्या पुढे असतो. पण पुढे जाऊन तो थांबतो, कारण मागच्यांसाठी सापळा लावावयाचा असतो. सापळा त्याच्यावरच उलटतो. चौतीस शर्यतींत तो एकदाही जिंकत नाही. सरळ गाडी हाकली असती तर बहुतेक सर्व शर्यती त्याच्याच होत्या. डास्टर्डलीचे पाप कपटाचे, सॅमचे क्रोधाचे. पहिला हरतो तो थांबतो म्हणून. दुसरा हरतो तो थांबत नाही म्हणून. स्वतः सॅमही १९५९ सालच्या ‘वाइल्ड अँड वूली हेअर’मध्ये अशाच एका ईर्ष्येत सापडतो. एकाच रुळावरून समोरासमोर दोन आगगाड्या धावत येतात, एकीवर ससा, दुसरीवर सॅम. आधी कोण कचरतो एवढाच प्रश्न. ससा आपले इंजिन उंच उचलून सॅमच्या गाडीवरून अलगद पुढे काढतो. जिंकावयाचे तर टक्कर टाळता आली पाहिजे, ही कल्पनाच सॅमच्या डोक्यात शिरत नाही.

येथे पिस्तुलाचा प्रश्न येतो. २०२० साली याच पात्रांची नवी मालिका अमेरिकेत प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या निर्मात्यांनी एल्मर आणि सॅम यांच्या हातांतील बंदुका काढून घेतल्या. त्या देशात शाळांतून घडलेले गोळीबार पाहता या निर्णयामागील वेदना समजते, आणि मी तिची थट्टा करणार नाही. कॅथोलिक ख्रिस्तसभेनेही या क्षेत्रात हात आखडता घेतलेला नव्हता. अमेरिकी चित्रपटांसाठी १९३० साली जी नीतिसंहिता तयार झाली तिच्या लेखनात डॅनियल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी स्वतंत्र परिपत्रक काढले. गुन्ह्याविषयी प्रेक्षकाच्या मनात सहानुभूती निर्माण होऊ नये, हे त्या नीतिसंहितेचे एक प्रमुख सूत्र होते. सॅमचे जुने चित्रपट त्याच संहितेच्या काळात निघाले, आणि सॅम एकदाही जिंकत नाही.

तरीही माझे मत असे की सॅमच्या हातातून पिस्तूल काढून घेतल्याने फारसे काही बदलत नाही. जुन्या चित्रपटांत तो पिस्तुलाने कोणाचे काही बिघडवू शकत नाही, आणि तो स्वतः बुडतो तोही पिस्तुलामुळे नव्हे. १९९८ साली मी पालकांना पडद्यावरच्या पिस्तुलाची भीती घातली. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आवाजाविषयी मी त्या दिवशी चकार शब्द काढला नाही. माझ्या स्वतःच्या आवाजाविषयी तर नाहीच. टेबलावर आपटलेला माझा हात त्या मुलांच्या मनावर जो ठसा उमटवून गेला असेल तो कोणत्या कार्टूनने उमटविला असता?

क्रोधावर मात करण्याचा एक प्रयत्न सॅमच्या आयुष्यातही येतो. १९६० सालच्या ‘फ्रॉम हेअर टू एअर’ या चित्रपटात तो इंग्लंडमधला एक कफल्लक झालेला सरदार आहे. ससा दारात येऊन सांगतो की दहा लाख पौंडांचा वारसा तुम्हाला मिळेल, अट एकच: रागावावयाचे नाही. जितक्या वेळा राग येईल तितकी रक्कम कापली जाईल. मग ससा त्याचा पाहुणा होऊन राहतो आणि त्याचा जीव नकोसा करतो. सॅम भडकतो, ससा वही काढून रक्कम कमी करतो. अखेरीस सॅम खरोखरच जिंकतो. नोकरचाकर त्याला मारतात, त्याच्या तोंडावर खाद्यपदार्थ फेकतात, तरी तो हसत उभा राहतो आणि सशाला अभिमानाने दाखवितो की पाहा, मी रागावत नाही! ससा आपल्याकडे वळून हळूच सांगतो की पैसे तर केव्हाच संपले आहेत, पण हे त्याला सांगावयास मन होत नाही.

हा शेवट मला सॅमच्या सर्व चित्रपटांत श्रेष्ठ वाटतो, आणि सर्वांत करुणही. पैशासाठी गिळलेला राग म्हणजे सौम्यता नव्हे, हे खरे. धन्यवादांच्या प्रवचनात प्रभू येशूने ज्या सौम्य माणसांना धन्य म्हटले त्यांच्या रांगेत सॅम बसणार नाही. पण तो शेवटी पोहोचला कोठे हे पाहा. त्याला स्वतःला ठाऊक नसताना बक्षिसाची आशाच उरलेली नाही. आणि नेमका त्याच क्षणी, आयुष्यात एकदाच, तो मार खाऊन हसतो आहे. हिशेब संपल्यावर उरलेली ती शांती, फसवणुकीतून का होईना, त्याच्या वाट्याला आली. पटकथाकाराला एवढे सारे अभिप्रेत असेल असा माझा दावा नाही. चांगली कलाकृती निर्मात्याच्या हेतूपेक्षा थोडे अधिक सांगून जाते, इतकेच.

याउलट टोकाला १९६३ सालचा ‘डेव्हिल्स फ्यूड केक’ आहे. जुन्या चित्रपटांचे तुकडे जोडून केलेली ही कृती कलेच्या दृष्टीने सामान्य आहे. परंतु तिचा विषय धर्मगुरूला सोडवत नाही. दरोडा घालून पळताना सॅम मरतो आणि नरकात जातो. सैतान त्याला सौदा देतो: पृथ्वीवर परत जा, सशाला येथे आण, म्हणजे तुझी सुटका. सॅम जातो, हरतो, परत येतो. पुन्हा जातो, पुन्हा हरतो. अखेरीस सैतान पुन्हा पाठवू लागतो तेव्हा सॅम साफ सांगतो की तो ससा हवा असेल तर तूच जाऊन आण, मी येथेच राहतो.

प्रेक्षक खदखदून हसतात. मीही हसलो, आणि मग हसणे थांबले. नरक म्हणजे देवाने रागाने कोणाला लोटून दिलेली खाई, असे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या मनात लहानपणापासून आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने मात्र स्पष्ट केले आहे की नरक म्हणजे माणसाने स्वतःच्या निवडीने देवापासून व धन्य आत्म्यांपासून कायमचे दूर होणे. ‘मी येथेच राहतो’ हे वाक्य त्या शिकवणुकीचे नकळत झालेले, विदूषकी चित्र आहे. सॅमला सशापुढे हरणे नरकापेक्षा अवघड वाटले. वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारे, शांतीचा हात पुढे करण्यापेक्षा अबोल्यात जळत राहणे पसंत करणारे नातलग जेव्हा माझ्या डोळ्यांसमोर येतात, तेव्हा सॅमचे ते उत्तर मला विनोद म्हणून ऐकू येत नाही.

या चित्रपटांची स्तुती करताना त्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. ‘सहारा हेअर’मधील अरब आणि ‘हॉर्स हेअर’मधील अमेरिकेचे मूलनिवासी यांची चित्रे तुच्छतेने रंगविलेली आहेत. त्या काळाच्या पूर्वग्रहांचा तो डाग आज मुलांना दाखविताना मोठ्यांनी बोलून दाखविला पाहिजे. याहून खोल दोष या चित्रपटांच्या घडणीतच आहे. त्यांच्या जगात न्याय आहे, क्षमा नाही. सॅम पडतो ते योग्यच. पण पडलेल्या सॅमला कोणी कधी हात देत नाही. ससा हुशार आहे, दयाळू नाही. त्याला सॅमने सुधारावे असे वाटत नाही; सॅम सुधारला तर खेळच संपेल. क्रोधी माणसाला डिवचून त्याची फजिती पाहण्यात एक आसुरी सुख असते आणि हे चित्रपट त्या सुखाला खतपाणी घालतात. आपल्या घरांतही एखादा चुलता, एखादे आजोबा ‘तापट’ म्हणून ओळखले जातात आणि मुले त्यांना मुद्दाम चिडवितात. रेषा ओलांडणाऱ्याइतकाच रेषा ओढणाराही जबाबदार असतो. बोधपर प्रवचन म्हणून पाहिले तर सॅमचे चित्रपट अर्धे आहेत. क्रोधाचे निदान त्यांनी अचूक केले, औषध मात्र लिहून दिले नाही. ते औषध विनोदी चित्रपटाकडून मागणे अन्यायाचे होईल. ते देण्याचे काम घराचे आणि ख्रिस्तसभेचे.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी, की १९९८ साली मी दिलेला सल्ला विसरावा. मुलांबरोबर बसून ही चित्रे पाहावीत, पोटभर हसावे, आणि संपल्यावर त्यांना एकच प्रश्न विचारावा: सॅमला कोठे थांबता आले असते? मी हा प्रश्न धर्मशिक्षण वर्गात विचारून पाहिला आहे. मुले पहिल्या रेषेकडे बोट दाखवितात. एका मुलीने मात्र सांगितले होते, ‘फादर, तिसऱ्या रेषेलासुद्धा थांबता आलं असतं. उशीर झाला म्हणून काय झालं?’ संत पौलाने इफिसकरांना सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडून देण्यास सांगितले, त्यावर मी आजवर पुष्कळ प्रवचने केली आहेत. त्या मुलीचे वाक्य मी आता त्यांत घेतो.

राहता राहिली ती १९९८ सालची नाटिका. तालमीतल्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी मी मुलांची क्षमा मागावयास हवी होती. मी मागितली नाही. त्याऐवजी प्रवचन केले, हे वर आलेच आहे. त्यातला मेंढपाळ झालेला एक मुलगा आज दोन मुलांचा बाप आहे. गेल्या नाताळात तो सहकुटुंब भेटावयास आला तेव्हा मी त्याला ती गोष्ट सांगितली आणि राहिलेली क्षमा मागितली. तो ओशाळून म्हणाला, ‘फादर, तुम्हांला ते नाव ठाऊक होतं?’ मग त्याच्या धाकट्या मुलाने विचारले, ‘पप्पा, कोणतं नाव?’ बापाने माझ्याकडे पाहिले. मीच त्या मुलाला सांगितले.